पाचवे शील आणि भित्यापाठचा ब्रह्मराक्षस



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची ही स्मरणिका घराघरांत जाईल. धम्माच्या मोठ्या विषयांवर विद्वान मंडळी लिहितीलच. मी गिरणीतला कामगार. धानाची चुंगडी, हलरचा आवाज आणि कोंड्याची धूळ यातच तीस वर्षे गेली. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातून आणि दरवर्षी दीक्षाभूमीवरून आणलेल्या पुस्तकांतून. म्हणून विषयही ओट्यावरचाच घेतला आहे. भीती आणि दारू. या दोघींविषयी आपल्या म्हणी काय सांगतात, आपले कवी काय सांगतात, आणि तथागतांनी व परमपूज्य बाबासाहेबांनी त्यावर कोणता इलाज सांगितला, एवढेच मांडायचे आहे.

दर रविवारी वंदनेला आपण पंचशील घेतो. पहिली चार शीले लहान पोरालाही समजतात. हत्या करू नको, चोरी करू नको, व्यभिचार करू नको, खोटे बोलू नको. या चारांत दुसऱ्याचे नुकसान आहे. पण पाचव्याला आपले पोट्टे विचारतात, 'बाबा, कोणी आपल्या पैशाने प्याला तर त्यात दुसऱ्याचे काय गेले ? दारूला हत्येच्या रांगेत काहून बसवले ?' प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या पाली शब्दांतच आहे. तिथे नुसते दारू पिऊ नको असे म्हटलेले नाही, तर जे प्रमादाचे कारण आहे त्यापासून दूर राहीन असे म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, भान सुटणे. भान सुटले की पहिली चारही शीले सुटतात. पाचवे शील म्हणजे घराचे कुलूप आहे. कुलूप तुटले की मग आत काय काय गेले ते मोजत बसावे लागते.

आता आपल्या मराठी बोलीकडे पाहा. प्यालेल्या माणसाला आपण काय म्हणतो ? 'भानावर ये', 'शुद्धीवर ये'. आणि घाबरलेल्या माणसाविषयी काय म्हणतो ? 'भीतीने त्याचे भान हरपले', 'त्याची शुद्ध हरपली'. म्हणजे आपल्या माय-आजींनी कोणतेही पुस्तक न वाचता भीती आणि दारू यांना एकाच पारड्यात टाकले होते. दोघीही माणसाची शुद्ध नेतात. आणि दोघींवर औषध एकच, ते म्हणजे भान. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

भीती आली कुठून ?

भीती माणसाच्या पोटातच असते, पण आपल्या समाजाच्या भीतीला इतिहास आहे. झाडीपट्टीतल्या कितीतरी गावांत कोतवालकी आपल्या पूर्वजांकडे होती. रात्री गाव झोपायचे आणि आपला माणूस हातात काठी घेऊन जागायचा. वाघ, चोर, अनोळखी माणूस, सगळ्यांना आधी तोच सामोरा जायचा. विचार करा, ज्याच्या भरवशावर गाव झोपत होते त्यालाच गावाने दिवसा सावली सांभाळून चालायला लावले. रात्री जो वाघाला भीत नव्हता तो दिवसा माणसाला भिऊ लागला. ही भीती जन्माची नव्हती, शिकवलेली होती.

पोटाचीही भीती होती. नागपूर-भंडारा भागात आपल्या समाजातले पुष्कळ लोक जाडेभरडे कापड विणत. गिरणीचे स्वस्त कापड आले आणि हातमाग बसले. १८७७ साली नागपुरात जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा ज्यांचे माग बसले त्यांतलेच कितीतरी त्या मिलमध्ये मजूर म्हणून लागले. मिलने गावाच्या जाचातून सोडवले, हे खरे. पण भोंग्याची, मुकादमाची आणि काम सुटण्याची नवी भीती दिली. आणि मिलच्या वाटेवर दारूचे दुकानही होतेच. कारण इंग्रज सरकार दारूचे मक्ते लिलावाने देत होते आणि दारूचा महसूल सरकारच्या खजिन्याचा मोठा आधार होता. घाबरलेला माणूस आणि दारूचे दुकान यांची गाठ अशी पडली. ती अजून सुटलेली नाही.

म्हण सगळीच शहाणी नसते

म्हणी कोणी एकाने लिहिल्या नाहीत. जात्यावर, रोवणीच्या बांधीत, बाजाराच्या वाटेवर त्या घडल्या. पण म्हण जुनी म्हणून ती खरीच, असे मानायचे कारण नाही. केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी तथागतांना विचारले होते की इतके गुरू येऊन जातात, आम्ही कोणाचे मानावे ? तेव्हा तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावर काही मानू नका. जे स्वतः पारखून हिताचे ठरेल ते घ्या आणि अहिताचे ठरेल ते सोडा. हाच काटा आपण म्हणींना लावू या. गिरणीत धान आला की तांदूळ वेगळा, कनकी वेगळी आणि कोंडा वेगळा काढतो, तसे.

'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण तांदळाची. भिणाऱ्याच्या मागे राक्षस लागतो, म्हणजे भीतीच त्याला जन्म देते. न भिणाऱ्याला तो भेटत नाही. यातली गंमतही पाहा. ब्रह्मराक्षस म्हणजे ब्राह्मणाचे भूत. आपल्या देशात मेल्यावरही जात सुटत नाही आणि भुतांतही वरची-खालची पंगत आहे ! अशा भुताला बुद्धाच्या लेकरांनी कशाला भ्यावे ?

'मन चिंती ते वैरी न चिंती' हीही तांदळाची. वैरी जितके वाईट चिंतणार नाही तितके आपले मनच चिंतते. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण शेतात काम करता करता त्यांनी मनाच्या चंचलपणावर जी कविता रचली ती आज शाळेतली मुले शिकतात. त्या १९५१ साली वारल्या आणि त्यांच्या कवितांचे पुस्तक १९५२ साली निघाले. मन कसे पळते हे पाहायला शाळा लागत नाही, आपल्याच मनाकडे टक लावून पाहावे लागते, हा त्यांचा धडा.

'वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो.' ही म्हण आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. रोवणीला जाणाऱ्या बायांना आणि मोहफूल वेचणाऱ्यांना वाघ म्हणजे काय ते ठाऊक आहे. जो खाणारच आहे त्याला आदराने हाक मारून काही वाचत नाही. सावकाराला, मुकादमाला, गावगुंडाला 'मालक, मालक' करण्यात आपल्या किती पिढ्या गेल्या. या म्हणीने त्यांना केव्हाच सांगून ठेवले होते.

आता कोंडा. 'पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.' ही म्हण ऐकून आपले कितीतरी लोक अन्याय गिळून बसले. 'बळी तो कान पिळी' ही म्हण आहे ते सांगते, पण ते असेच राहावे असे समजून बसलो तर ती कोंडाच. आणि 'देव तारी त्याला कोण मारी' ही म्हण तर माणसाचे हातपायच काढून घेते. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली, ती कोणी तारील म्हणून नव्हे. माणसाचा हक्क आहे म्हणून भरली. ते पाण्यात राहत होते आणि माशाशी वैर पत्करत होते.

एक म्हण मात्र जपून वापरावी लागते. 'कर नाही त्याला डर कशाला.' म्हणजे ज्याने काही केले नाही त्याने भ्यायचे कारण नाही. ऐकायला ही म्हण सोन्यासारखी आहे. पण आपल्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला जमावाने भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांची हत्या केली, तेव्हा त्या माय-लेकरांनी काय केले होते ? म्हणून आपल्या पोरांना खरे सांगावे. सगळे भय मनातले नसते. काही भय दारात उभे असते. ब्रह्मराक्षसाच्या भयाला हसून घालवता येते. जातीच्या भयाला संघटना, कायदा आणि शिक्षण लागते. कोणते भय खोटे आणि कोणते खरे हे ओळखायला डोके ताळ्यावर पाहिजे. आणि नेमके तेच दारू काढून घेते.

तथागत भयाला कसे सामोरे गेले ?

आपल्यात एक समज आहे की बुद्धाला भीती वाटलीच नसेल. पण मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. त्यात तथागत स्वतः सांगतात की बोधी मिळण्यापूर्वी ते मुद्दाम अमावस्या-पौर्णिमेसारख्या रात्री, लोक ज्यांना भितात अशा वनांत आणि चैत्यांत जाऊन राहत. एखादे जनावर जवळून जाई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि भीती येई. तेव्हा त्यांनी ठरवले की जसा आहे तसाच राहून या भीतीला घालवीन. चालत असताना आली तर चालतच राहिले. बसले असताना आली तर बसूनच राहिले. जागा बदलली नाही, पळाले नाहीत. भीती विरेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.

बंधू-भगिनींनो, हा इलाज कोणत्याही मांत्रिकाच्या लिंबू-मिरचीपेक्षा मोठा आहे. आणि दारूच्या नेमका उलटा आहे. भीती आली की दारू म्हणते, डोळे मीट. तथागत म्हणतात, डोळे उघड. धम्मपदातही हाच उपदेश आहे. भ्यालेली माणसे डोंगर, वने, झाडे, देवस्थाने यांना शरण जातात, पण तो खरा आसरा नाही, असे तिथे सांगितले आहे. दंडाला सगळेच भितात, म्हणून आपणही कोणाला भय दाखवू नये, हेही तिथेच आहे. घरी बायको-पोरांना भय दाखवणाऱ्या शूरांनी हे पान उघडावे.

याची एक खूण आपल्याच जिल्ह्यात आहे. वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी, जिथे लोक मातीचे ढिगारे समजत होते, तिथे दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप निघाले. त्यांतल्या शिल्पांत मुचलिंद नागही आहे, आणि त्याचे नाव दगडावर कोरलेले आहे. मुचलिंदाची कथा आपण ऐकली आहे. बोधी मिळाल्यावर तथागत ध्यानात बसले असताना सात दिवस पाऊस-वारा झाला, तेव्हा नागराजाने वेटोळे घालून, वर फणा धरून त्यांना सांभाळले. ज्याला पाहून माणूस पळतो तोच छत्री झाला. जे शांतपणे पाहतात त्यांच्या बाबतीत भयसुद्धा आसरा होते, हे आपल्या मातीतल्या कारागिरांनी दगडात कोरून ठेवले. पोरांना एकदा तरी पवनी दाखवा.

कवींनी भीतीची भाषा मोडली

चौदाव्या शतकात मंगळवेढ्याचे चोखोबा झाले. देवळाच्या दाराशी उभे राहून त्यांनी अभंगातून आपले दुःख मांडले. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी तर थेट सवाल केला की विटाळाशिवाय देह जन्मतच नाही, मग सोवळा कोण ? ज्या काळी सावली पडली तर मार बसे, त्या काळी एका बाईने हे म्हणावे, ही लहान गोष्ट नाही. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. आपल्या समाजाने चोखोबा सोडून बुद्ध घेतला, हे खरे. पण बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत नंदनार आणि रविदास यांच्यासोबत चोखामेळा आहेत, हेही ध्यानात ठेवावे. दाराशी उभे राहून ज्याने प्रश्न विचारला त्याचा मान बाबासाहेबांनी राखला, आणि दारच बदलले.

आपल्या विदर्भातले किसन फागूजी बनसोडे (१८७९-१९४६) मोहपा गावचे. त्यांनी नागपुरात 'विटाळ विध्वंसक' आणि 'मजूर पत्रिका' अशी पत्रे चालवली आणि कविता लिहून समाजाला जागे केले. पत्रांची नावेच पाहा. एकात विटाळाचे भय मोडायचे होते आणि दुसऱ्यात मजुराचे. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. ढोलकी आणि तुणतुणे घेऊन शाहीर वस्तीवस्तीत गेले. मेलेले ढोर खाऊ नका, दारू पिऊ नका, पोरीला शाळेत घाला, हे त्यांनी गाऊन सांगितले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे वर्तमानपत्र तेच होते.

आणि वामनदादा कर्डक (१९२२-२००४) ! सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा गडी मोठा झाल्यावर अक्षरे शिकला आणि पुढे अख्ख्या महाराष्ट्राला त्याने भीमगीते शिकवली. आपल्या वस्तीत भीमजयंतीला ती गाणी लागली नाहीत असे वर्ष नाही. पण एक बोलतो, राग मानू नका. वामनदादांच्या गाण्यावर पिऊन नाचणे म्हणजे वामनदादांचा अपमान आहे. जे गाणे शुद्धीवर आणायला लिहिले ते ऐकताना शुद्ध घालवायची, हे कसे चालेल ?

दारू : बुडत्याचा पाय खोलात

आता दारूच्या म्हणी. 'शिंदीच्या झाडाखाली बसून दूध प्याले तरी लोक ताडीच म्हणतात.' संगतीचा परिणाम यापेक्षा कमी शब्दांत कोणी सांगितला ? 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' हीही तीच गोष्ट. गिरणीत पाळी सुटली की चार जण भट्टीकडे वळतात, पाचवा नवा पोट्टा फक्त सोबत म्हणून जातो. वर्षभराने तोच पुढे चालत असतो.

'मेलेले कोंबडे आगीला भीत नाही.' पिणाऱ्यांना ही म्हण आवडते. 'आता आम्हाला कशाची भीती ?' असे ते प्याल्यावर म्हणतात. पण तो निर्भयपणा मेलेल्या कोंबड्याचा आहे. जिवंत माणसाचा निर्भयपणा वेगळा असतो. त्याला आग दिसते, चटका समजतो, आणि तरी तो आपल्या पोराला आगीतून काढतो. चपटी पोटात गेल्यावर मालकाला शिव्या देणारा सकाळी त्याच मालकासमोर मान खाली घालून उभा असतो. शिवाय दारू रात्री जे भय दाबते ते सकाळी दुप्पट करून परत देते. छातीत धडधड, हातांना कंप, कर्जाची आठवण. मग ते भय घालवायला पुन्हा दारू. बुडत्याचा पाय खोलात, तो असा.

सिगाल नावाच्या तरुणाला तथागतांनी दारूचे सहा तोटे सांगितले होते. पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज उघडी पडते आणि बुद्धी दुबळी होते. अडीच हजार वर्षे झाली, यातला एकही तोटा कमी झालेला नाही. उलट हातभट्टीत विष कालवले गेले. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, आणि ती सगळी आपल्यासारखीच गरीब वस्तीतली होती. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा, १८८० साली, त्यांनी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. दारूने घरे बसतात हे त्यांना दिसत होते आणि सत्तेपुढे ते बोलायला ते भ्याले नाहीत.

बाबासाहेबांचे आणि आपल्या जिल्ह्याचे नाते जुने आहे. १९५४ साली ते भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर उभे राहिले आणि पडले. एवढा मोठा माणूस पडला याचे दुःख जुनी माणसे शेवटपर्यंत बोलून दाखवत. पण बाबासाहेब पराभवाला भ्याले नाहीत आणि हताशही झाले नाहीत. अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आपल्या गावागावांतून लोक मिळेल त्या गाडीने आणि पायीही गेले. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा क्रम पाहा. सुरुवातीच्या प्रतिज्ञांनी देवांचे, अवतारांचे आणि श्राद्धाचे भय काढून टाकले. मग शीलाच्या प्रतिज्ञा आल्या, आणि सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. आधी भय काढले, मग बाटली काढली. ज्याच्या मनातले भय गेले नाही त्याच्या हातची बाटली सुटत नाही, हे त्या महापुरुषाने ओळखले होते.

'जित्याची खोड' खरी आहे का ?

आता शेवटची म्हण, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.' वस्तीत कोणी दारू सोडली की आठ दिवसांत कोणीतरी ही म्हण त्याच्या तोंडावर मारतोच. ही म्हण पक्का कोंडा आहे. अंगुलिमालाला पाहून गावेच्या गावे ओस पडत. तोच माणूस तथागतांच्या पुढे शस्त्र टाकून भिक्खू झाला. पुढे लोकांनी दगड मारले तेही त्याने शांतपणे सोसले. अंगुलिमाल बदलतो आणि आपल्या शेजारचा पिणारा बदलत नाही, असे म्हणणारा धम्म मानतो कसा ?

पण सोडण्याची रीत समजून घ्यावी. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकदम बंद केले तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापतात, झोप जाते, कोणाला झटके येतात, कोणाला भास होतात. भिंतीवर साप दिसतात, मेलेली माणसे बोलतात. मग घरचे म्हणतात, याला लागले आहे, आणि मांत्रिकाकडे नेतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हाच ! ते भूत नाही, तो आजार आहे, आणि वेळेवर इलाज न झाल्यास जीवही जातो. अशा माणसाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. तो किती वर्षांपासून आणि किती पितो ते डॉक्टरला खरे सांगावे. लाजेपोटी लपवू नये.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे काम इथेच आठवते. त्यांनी १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीतून भुताखेतांचे भय काढले, आणि साताऱ्यात 'परिवर्तन' नावाचे व्यसनमुक्ती केंद्रही चालवले. एकच माणूस दोन्ही कामे का करत होता, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. अमेरिकेत १९३५ साली दोन पिणाऱ्यांनीच एकमेकांना धरून जी चळवळ सुरू केली तिचे गट आज आपल्या महाराष्ट्रातही भरतात. त्यांचे सूत्र साधे आहे. जन्मभराची शपथ घेऊन घाबरू नको, आजचा एक दिवस पिऊ नको. आपली म्हण तेच सांगते, 'थेंबे थेंबे तळे साचे.' धम्मपदातही थेंबाथेंबाने घडा भरण्याचा दाखला आहे. थेंबाने पाप भरते तसे पुण्यही भरते. आपल्या तलावांच्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको.

माय-बहिणींनाही एक गोष्ट सांगायची आहे. २००८ च्या सरकारी नियमानुसार गावातले किंवा वॉर्डातले दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येते. आडव्या बाटलीला ठरलेले बहुमत मिळाले की दुकान बंद होते. हे हत्यार आपल्या हाती आहे. पण दुकान बंद झाले तरी भट्टी चालू राहते आणि मनातले भय तर राहतेच. म्हणून कायद्यासोबत विहारही पाहिजे.

विहार म्हणजे नुसती मूर्ती आणि चार भिंती नव्हेत. ज्याने दारू सोडली त्याला संध्याकाळी बसायला जागा पाहिजे, नाहीतर त्याचे पाय जुन्याच वाटेने जातात. पाळी सुटण्याच्या वेळी विहार उघडा ठेवावा, चहा ठेवावा, दोन माणसे बोलायला असावीत. ज्याचा पाय घसरला त्याला म्हण मारू नये, 'काहून भेतोस रे बापा, ये बस' एवढे म्हणावे. शिंदीच्या झाडाखाली ताडी होते, तर बोधिवृक्षाखाली काय होते हे आपण दाखवून देऊ. आणि वंदनेत पाचवे शील येईल तेव्हा ते घाईने म्हणू नये. त्यातला 'प्रमाद' हा शब्द जरा थांबून म्हणावा, आणि घरी गेल्यावर पोरांना त्याचा अर्थ सांगावा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम !